पायाशी बसलेली

वातीचा दोरा संपला होता, म्हणून मी बाजारात गेले होते. काम एवढंच. दोरा घेतला, परतताना धाकटीसाठी केसांचे चाप घेतले. आदल्या दिवशी आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि ते मिटवायचं होतं मला.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दोघी मेणबत्त्या करायचो. मेण ती वितळवायची, साचे मी भरायचे. भांडण म्हणाल तर रेडिओवरून. तिला काम करताना गाणी लागतात, मला शांतता. त्यावरून आम्ही इतक्या हमरीतुमरीवर आलो की शेजारीण गच्चीवर येऊन उभी राहिली. "तुमचं तोंड बघायची इच्छा नाही मला!" असं धाकटी म्हणाली, आणि तेवढंच नेमकं शेजारणीच्या कानावर पडलं. आमच्यात हे अधूनमधून चालायचंच. संध्याकाळी एकीनं चहा टाकला की दुसरी कप घेऊन हजर.

मेण कधी थेट आचेवर ठेवत नाहीत. मोठ्या पातेल्यात पाणी, आणि त्या पाण्यात मेणाचं भांडं. त्या दिवशी ऑर्डर मोठी होती. धाकटी पाठमोरी बसून साचे पुसत होती, आणि बाहेरच्या पातेल्यातलं पाणी केव्हा आटलं ते तिला कळलं नाही. बाजारातून येऊन मी शेडमध्ये शिरले तेव्हा भांड्यातून पांढरट धूर निघत होता. मी गॅस बंद करायला वाकले, आणि मेणानं पेट घेतला.

धाकटी वळली. तिला आग दिसली, जवळची पाण्याची बादली दिसली. पेटत्या मेणावर पाणी टाकायचं नसतं हे आम्हा दोघींना पक्कं माहीत होतं. पण आपलं माणूस आगीत दिसल्यावर माहीत असलेलं काय कामाला येतं? तिनं बादली रिकामी केली, आणि भडका छपराला जाऊन भिडला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. अंगावर थिजत जाणारं मेण. अंगातले कपडे ओरबाडून काढणारे तिचे हात. मग अंगणातल्या नळाची धार, आणि कानाशी तिचा आवाज, "ताई, डोळे मिटा, तोंड मिटा, मी आहे, मी आहे." रुग्णवाहिका येईपर्यंत तिनं मला त्या नळाखालून हलू दिलं नाही. पुढे डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "आम्ही जे केलं ते नंतरचं. तुमचा चेहरा आधी त्या नळानं वाचवला." त्या नळाला मी आजही येताजाता हात लावते. हसा खुशाल.

जळिताच्या वॉर्डात मला नेलं तेव्हा मी शुद्धीवर होते. घशात धूर गेला होता. घसा सुजून श्वास बंद होईल म्हणून नळी घातली, म्हणजे बोलणं बंद. तोंड एवढं सुजलं की पापण्या उघडेनात, म्हणजे दिसणंही बंद. हात, गळा, छाती बँडेजात. सगळ्या देहात मोकळे राहिले ते फक्त पाय. सुन्न करणारी औषधं चालू होती, तरी मी त्या औषधांच्या खाली कुठेतरी जागीच होते. विहिरीच्या तळाशी बसून वरचं बोलणं ऐकावं, तशी.

माणूस दिसेनासं झालं की आवाज ओळखायला लागतं. मोठ्या सिस्टरच्या चपला फरशीला चिकटून सुटायच्या. डॉक्टरबाई बोलण्याआधी घसा खाकरायच्या. पलीकडच्या खाटेवर एक वायरमन होता. खांबावर झटका बसून त्याचा एक हात कोपरापासून गेला होता, आणि तरी तो सिस्टरना म्हणायचा, "निम्म्या हातांची निम्मीच बिलं लावा बरं का." त्याच्या पलीकडे एक म्हातारेबुवा, विडी पेटती ठेवून झोपलेले. एक लहान मुलगी, उकळता चहा अंगावर ओढून घेतलेली. तिची आई काचेपलीकडून गोष्टी सांगायची. आत यायला मनाई होती. जखमांना बाहेरचा संसर्ग चालत नाही. नातेवाईक काचेबाहेरच्या बाकड्यावर, आणि दुपारी तर तिथूनही त्यांना उठवायचे.

ती आली ती दुपारीच.

ड्रेसिंग झालेलं असायचं. ते काय असतं ते मी सांगणार नाही. ते झाल्यावर सगळा वॉर्ड थकून गप्प होतो, एवढंच सांगते. पंखेसुद्धा दमल्यासारखे वाटतात. त्या शांततेत माझ्या पायाशी स्टूल सरकल्याचा आवाज झाला, आणि कुणीतरी माझं पाऊल हातात घेतलं.

गार हात होता. बर्फासारखा बोचरा नाही. मातीच्या भांड्यातल्या पाण्यासारखा गार. अंगभर जो जाळ पेटला होता, तो त्या हाताकडे वाहत गेला आणि तिथं विझायला लागला. मला रडू आलं. सुजलेल्या डोळ्यांतून ते बाहेर येईना, पण आलं.

मला वाटलं, धाकटी. कसं कोण जाणे, पण तिला आत सोडलं.

"श्वास घे," ती म्हणाली. आवाज कोरडा होता, आतून खरवडल्यासारखा. धाकटीही धुरात होती, तिचाही घसा बसला असणार, अशी मी समजूत घातली. "नळीशी भांडू नकोस. तिला तिचं काम करू दे. तू माझ्याबरोबर घे श्वास… हां… आता सोड…"

मी घेतला. सोडला. त्या रात्री आणि पुढच्या कितीतरी दिवसांत डॉक्टरांनी माझ्या घरच्यांना 'काही सांगता येत नाही' असं तीनतीनदा सांगितलं होतं म्हणे. मला मात्र एवढंच ठाऊक, की दुपार झाली की तो हात यायचा आणि मी त्याच्या आधारानं पुढच्या दुपारपर्यंत तरंगत राहायचे.

मग एकदा तिनं विचारलं, "आपोआप झालं, का कुणी केलं?"

मी चमकले. धाकटी हे कशाला विचारेल?

"बोलता येत नाही तर अंगठा हलव. हो असेल तर एकदा. कुणी होतं तिथं?"

मी अंगठा हलवला. होतं ना. धाकटी होती.

"घरचंच?"

हलवला.

"त्यानं… की तिनं? बाई होती?"

हलवला. म्हणजे ही धाकटी नव्हती. मग माझं पाऊल धरून बसलेली ही कोण?

"तिनं टाकलं तुझ्यावर?"

पाणी! पाणी टाकलं, आगीवर टाकलं! मला ओरडायचं होतं. पण माझ्याजवळ एक अंगठा होता, आणि अंगठ्याला एवढं सांगता येत नाही. मी पाय हलवला, झाडला, जमेल तसा आपटला. तिनं तो हलकेच दाबून स्थिर केला.

"कळलं," ती म्हणाली. "तू नको त्रास करून घेऊस. मी बघते तिच्याकडे."

स्टूल सरकलं. हात गेला. आणि जाळ परत आला.

बाहेर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. शेजारणीनं पोलिसांना जे पाहिलं ते सांगितलं होतं. धाकटीनं बादली फेकली आणि भडका उडाला. आदल्या दिवशीचं भांडणही सांगितलं. बाई खोटं काहीच बोलली नाही. आणि धाकटीला विचारलं तर ती भ्रमिष्टासारखी एकच म्हणत होती, "हो, मीच टाकलं. मीच." तिच्या तळहातांना पट्ट्या होत्या, त्याचाही अर्थ फौजदारांनी लावला, की टाकताना भाजले असणार. माझा जबाब मिळाला की तिला न्यायचं, असं ठरलं होतं. तोवर ती काचेबाहेरच्या बाकड्यावर बसून असायची, आणि एक शिपाई तिच्यावर नजर ठेवून.

हे झालं पोलिसांचं. दुसरंही काही सुरू झालं होतं.

आमचे हे काचेला लागून सिस्टरशी बोलत होते. काचेत बोलण्यासाठी जाळी होती, तिच्यातून मला ऐकू आलं.

"धाकटीचं काही खरं नाही, सिस्टर. घरी गॅस पेटवला की ज्योत तिच्याकडे झुकते. वारा नाही, काही नाही. ती या बाजूला उभी राहिली तर या बाजूला, त्या बाजूला गेली तर त्या बाजूला… माझ्या भावानं स्वतः पाहिलं. आणि आज सकाळी तिच्या बाहीनं पेट घेतला. शेगडी बंद होती हो. भावानं हातानं विझवलं. तिच्या धुतलेल्या कपड्यांना रॉकेलचा वास येतो. आमच्या घरात रॉकेल नाहीच."

मग चपला चिकटत-सुटत माझ्या खाटेशी आल्या. माझ्या कानाशी वाकून त्या अगदी हळू म्हणाल्या, "ती तुमच्याकडे येते का हो? पायाशी?"

मी अंगठा हलवला.

"येऊ दे. घाबरू नका. पुष्कळांना तिनं तारलंय. वायरमनचीही टाच धरून बसायची, विचारा त्याला. आम्ही तिला कधी कोण म्हणून विचारलं नाही. दुपारचं तिचं स्टूल तेवढं मोकळं ठेवतो." मग त्यांचा आवाज आणखी खाली गेला. "पण तिला काही सांगितलंत का तुम्ही… कुणाबद्दल?"

मी पाय इतका झाडला की सलाईनचा स्टँड हलला.

त्या दुपारी ती आली. त्याच्या पुढच्याही दुपारी. मी अंगठा हलवलाच नाही. ती म्हणायची, "भिऊ नकोस तिला. ती आता तुला काही करणार नाही. थोडंच राहिलंय…" आणि तोच मायेचा, गार हात माझ्या तळव्यावरून फिरायचा. माझ्या अंगाची आग विझत होती, आणि मला कळत होतं की विझलेली ती आग कुठेतरी जमा होतेय, कुणासाठी तरी. माझा जीव वाचवणारीचे उपकार मानायचे, की तिच्या हातून माझ्या धाकटीला सोडवायचं? मी दोन्ही करत होते. मनातल्या मनात तिला हात जोडत होते, आणि मनातल्या मनात ओरडत होते.

शेवटी नळी निघाली. घसा म्हणजे नुसती जखम होती. पापण्यांच्याही फटी झाल्या होत्या. उजेडाच्या दोन रेघा दिसायच्या. नाकानं श्वास घेतला आणि पहिला वास आला तो रॉकेलचा. मेणाच्या वासात माझा जन्म गेलाय, मला वासातलं कळतं. वॉर्डात औषधांचा, मलमाचा, फिनेलचा वास होता. आणि पायाशी, स्टुलाच्या आसपास, रॉकेलचा.

मी सिस्टरना खुणेनं सांगितलं, फौजदारांना बोलवा.

ते आले, डॉक्टरबाई शेजारी उभ्या राहिल्या. घोटाघोटानं पाणी पीत मी सांगितलं. आटलेलं पाणी, धूर, पेट, बादली. "तिनं मला वाचवायला टाकलं. तीच मला नळाखाली घेऊन गेली. तिच्याकडे कुणी बोट दाखवलं तर मी इथून उठून येईन, आहे तशी, पट्ट्यांसकट." फौजदार भला माणूस होता. तो म्हणाला, "बाई, तुमच्या पट्ट्या सुटू द्या निवांत. माझं काम झालं." बाहेर जाऊन त्यानं शिपायाला उठवलं.

कायद्याचं मिटलं. मी दुपारची वाट बघत राहिले.

स्टूल सरकलं. मी फटींतून पाहिलं. स्टुलावर कुणी नव्हतं. पण त्याची रेक्झिनची गादी मधोमध दबलेली होती, माणूस बसल्यावर दबते तशी.

"ऐक," मी म्हणाले. माझाही आवाज आता तिच्यासारखाच झाला होता. "तिनं काही केलेलं नाही. पाणी होतं ते. मला वाचवायला टाकलं."

गार हात माझ्या पावलावर आला.

"सगळ्या असंच म्हणतात," ती म्हणाली. "मीपण म्हटलं होतं. स्टोव्ह भडकला… कुणाचा दोष नाही… माझ्या घरच्यांना त्रास देऊ नका… याच खाटेवरून म्हटलं."

मी पाऊल तिच्या हातात आणखी टेकवलं.

"मला वाटलं, मी सांभाळून घेतलं तर ते माझ्या मागे माझ्यासाठी रडतील." कोरडं, पोकळ काहीतरी आलं तिच्या घशातून. हसू असावं. "तू झोप. आज संपवते मी."

"थांब!" घसा फाटला माझा. तोंडात रक्ताची चव आली. "थांब… तू तिला बघ. इथं, माझ्यासमोर बघ. मग काय करायचं ते कर. तू माझा जीव राखलास… एवढं आणखी कर माझ्यासाठी."

हात पावलावरून उठला नाही. मी सिस्टरना हाक मारली. हाक कसली, नुसती हवा होती ती. पण त्या दाराशीच उभ्या होत्या. मी म्हटलं, "धाकटीला आणा." नियम त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक होते. त्यांनी एकदा स्टुलाकडे पाहिलं आणि त्या गेल्या.

धाकटी तेव्हा खालच्या मजल्यावर स्वतःच्या हातांचं ड्रेसिंग करून घेत होती. जुनी पट्टी सोडलेली, नवी बांधायची होती, तशीच सिस्टरनी तिला उठवून आणली. हिरवा गाऊन, टोपी, तोंडाला मास्क, आणि दोन्ही हात समोर धरलेले. माझा चेहरा तिनं अपघातानंतर पहिल्यांदा जवळून पाहिला. ती जागच्या जागी हलली. मग म्हणाली, "ताई… रेडिओ विकून टाकला मी."

एवढ्या त्या प्रसंगात मला हसू आलं. गालाची कातडी ताणली, ठणकली, तरी आलं.

"इकडे ये. पायाशी," मी म्हटलं. "तुझे हात दाखव."

"कुणाला?"

"दाखव तू."

तिनं तळवे पुढे केले. मी फटींतून पाहिले ते मी विसरणार नाही. तळव्यांची सगळी कातडी गेली होती. बोटांच्या आतल्या बाजूंवर, जिथं आपण एखादी गोष्ट घट्ट पकडतो, तिथं सर्वांत खोल. माझ्या अंगावरचं जळतं मेण तिनं खरवडलं होतं, पेटलेले कपडे मुठीत धरून फाडले होते. हात मागे घेतलाच नव्हता एकदाही.

माझ्या पावलावरचा हात उठला. आणि धाकटीनं श्वास आत ओढला.

"ताई… कुणीतरी माझे हात धरलेत."

"धरू दे. हलू नकोस."

तिचे तळवे कुणीतरी उजेडाकडे वळवले. डावा, मग उजवा. एकेक बोट उलगडून पाहिलं. वायरमन पलीकडे श्वास रोखून बसला होता. त्या लहान मुलीनंही रडं थांबवलं होतं. रॉकेलचा वास असा दाटला की सिस्टरनी नाकाशी हात नेला.

मग तो आवाज आला, आणि या खेपेला तो सगळ्यांना ऐकू आला.

"आमच्या घरी कुणाच्या हाताला एक फोडसुद्धा आला नव्हता."

धाकटीची बोटं कुणीतरी हलकेच परत मिटली.

"सगळ्यांचे हात… कसे कोरडे होते."

धाकटी एकदम रडायला लागली. भीतीनं नाही. ती म्हणाली, "ताई, दुखायचं थांबलं हो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा थांबलं." स्टुलाची गादी हळूहळू वर आली, सपाट झाली. वास विरळ होत गेला. धाकटीच्या गॅसची ज्योत त्या दिवसापासून सरळ जळते.

त्यानंतर मी पुष्कळ दिवस वॉर्डात होते. डॉक्टरबाईंनी माझ्या मांडीची कातडी काढून गळ्यावर आणि हनुवटीवर लावली. आमचे हे म्हणतात, आता तुला चिमटा कुठं काढावा ते कळत नाही. म्हातारेबुवा गेले. ती मुलगी बरी होऊन घरी गेली, जाताना सगळ्यांना टाटा केला. वायरमन आता दुकानात बसून लोकांना वायरिंग शिकवतो. माझ्या पायाशी दुपारी गार हात येत राहिला, पण त्यानं कधी काही विचारलं नाही. मी मात्र रोज म्हणायचे, "बाई, तुझे उपकार." हे सगळे माझ्या डोक्यावरचे उपकार आहेत. कुणाकुणाचे म्हणून सांगू?

घरी आल्यावर मी ठरवलं, आठवड्यातून एकदा तरी वॉर्डात जायचं. नवीन आलेल्यांना माझा चेहरा दाखवायचा. सांगायचं, बघा, इतकं भाजूनही माणूस बाजारात जातो, भाव करतो, भांडतो.

असंच एकदा गेले होते तेव्हा एक बाई आणली होती. तरुण, माझ्यासारखीच, डोळे मिटलेले, घशात नळी. नवरा बाकड्यावर. चांगल्या कपड्यांतला, नीटनेटका. सगळ्यांना सांगत होता, "स्टोव्ह भडकला हो, मी बाहेर होतो, धावत आलो, मीच विझवलं तिला." रडत होता. मलाही वाईट वाटलं, मी त्याला पाणी दिलं.

दुपारी सगळ्यांना उठवलं, तेव्हा त्यानं सिस्टरची नजर चुकवली आणि आत शिरला. बायको शुद्धीवर येतेय का ते बघायचं असेल. मी दाराशी होते. तो लगेच बाहेर आला.

"आत ती कोण बाई बसलीय?" त्यानं मला विचारलं. "मला म्हणते, हात दाखव."

माझ्या मानेवरची नवी कातडीसुद्धा शहारली. "मग?"

"मग काय, दाखवले." तो हसला. तळवे माझ्यापुढे धरले. स्वच्छ होते. नखं कापलेली, एक ओरखडा नाही. विझवणाऱ्याचे हात कसे असतात ते मी पाहिलं होतं.

तो बाकड्यावर जाऊन बसला आणि थोड्या वेळानं किंचाळला. लोक धावले. त्याचे दोन्ही तळवे मनगटापर्यंत फोडांनी भरून आले होते, आमच्या डोळ्यांदेखत एकेक फुगत होता. फरशीचा पॅसेज, लाकडी बाकडं. जवळ ना आग, ना वायर, ना गरम पाणी. डॉक्टरबाई पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "कशाला हात लावलात? कशानं भाजलं?" तो नुसता मान हलवत होता.

त्याची बायको वाचली. नळी निघाल्यावर आधी ती म्हणाली, स्टोव्ह भडकला. मी गाऊन-मास्क घालून तिचा पाय धरून बसले होते. कितीतरी वेळानं तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "फौजदारांना परत बोलवा." तिनं खरं सांगितलं. आज ती माहेरी आहे, तिथल्या शाळेत शिकवते. तिचा फोन आला की मला दिवसभर बरं वाटतं.

नवऱ्याला पट्ट्यांसकट नेलं, पोलिसांच्या गाडीतून, दूरच्या तुरुंगात. त्या दिवसापासून आमच्या वॉर्डातलं दुपारचं स्टूल कधी दबलं नाही. सिस्टर अजून ते मोकळं ठेवतात. मी जाते तेव्हा त्यावर बसते, ज्याचा पाय मोकळा असेल त्याचा धरते. माझे हात काही गार नाहीत, पण लोक म्हणतात, बरं वाटतं.

मागच्या आठवड्यात मी तिथंच असताना सिस्टरना फोन आला. तुरुंगाच्या दवाखान्यातून, एका हवालदाराचा. सिस्टरनी ऐकता ऐकता फोन माझ्या कानाला लावला.

"…त्या कैद्यासोबत तुमच्याकडची एक बाई गाडीतून आली होती," तो सांगत होता. "आम्हाला वाटलं नर्स असेल. कैद्यांच्या वॉर्डात बाईमाणसाला परवानगी नाही, तिला आत कुणी सोडलं तेच कळत नाही. त्रास काही देत नाही ती. एका खाटेवरून उठते, दुसऱ्या खाटेशी जाऊन बसते. बाहेर या म्हटलं तर हळूच म्हणते, थांबा… अजून बाकीच्यांचे हात बघायचेत…"